वीतभर मागितलेले कापड

आमच्या गोधड्यांच्या खोलीत येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो. किहीमला हवापालटासाठी आलेल्या मुंबईकर बाया विचारतात, अलिबागच्या वकिलांच्या बायका विचारतात, परवा एका मास्तरांनीही विचारले, "गोधड्या शिवायच्या म्हटल्या तर घरात कापड किती घेऊन ठेवावे?"

मी हस्तपत्रके लिहून लिहायला शिकलेला माणूस. पत्रकात कुठल्याही प्रश्नाला एका ओळीत उत्तर असते आणि ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह असते. तसले एक उत्तर मी सात वर्षांपूर्वी दिले आणि त्यापायी एका गरोदर पोरीची झोप घालवली. तेव्हा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "आपल्या कामाविषयी लिहा" म्हटल्यावर मी ठरवले की कौतुकाचे लिहायचे नाही. खोली कशी वाढली, किती बाया शिवायला येतात, ते येऊन पाहावे. मी लिहिणार ते पारूआयविषयी, कारण कापड किती घ्यावे हे मला तिने शिकवले, आणि तेही मी तिचे वाटोळे केल्यानंतर.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. श्रीवर्धनचे घर सोडून स्वदेशीच्या चळवळीत आलो होतो आणि अलिबाग-किहीमच्या मधल्या एका खेड्यात देवळाच्या ओवरीत राहत होतो. गाव आगरी मंडळींचे. थोडी खाडीकाठच्या खाजणातली भातशेती, बाकी मिठागर. माझे काम घरोघर जाऊन विलायती कापड गोळा करायचे आणि समुद्रावर नेऊन जाळायचे. हे काम मी मन लावून करीत असे. गावात मला कोणी नावाने हाक मारीत नव्हते. ‘भाषनवाला’ म्हणत.

एके दिवशी पारूआयच्या घरी गेलो. ती मिठागरावर गेली होती. घरात तिची लेक सोनी, सातवा महिना लागलेली, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. मला वाटले, पहिलीच खेप असेल. घरात विलायती काही नाही म्हणाली. पण मी आढ्याकडे पाहिले. तिथे एक बोचके टांगलेले होते. "ते काय आहे?" म्हणालो.

"ते आयचं हाय. त्याला हात लावू नका."

काढून पाहतो तर जुने तुकडे. एक हिरवा, एक लाल काठाचा, आणि त्यांत एक गुलाबी फुलांचे छापील चीट, उघड उघड मँचेस्टरचे. मग मी दहा मिनिटे भाषण केले. सोनी म्हणाली, "आय येऊ द्या तरी." त्यावर मी जे बोललो ते पत्रकातले वाक्य होते, माझेच होते, आणि मला ते फार आवडत असे. "आईची वाट पाहत देश थांबत नाही!" मी बोचके सबंध उचलले. एक तुकडा विलायती, म्हणून सगळे. निवडत बसायला वेळ कोणाला होता?

संध्याकाळी वाळूवर ढीग पेटला. घोषणा झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूआय ओवरीशी आली. बाई पन्नाशीची, मिठाने हाताची कातडी तडकलेली. ती ओरडेल म्हणून मी तयार होतो. माझ्याकडे मुद्दे होते. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "मना येक सांग. बोचक्यात तुकरे किती होते?"

तिच्या बोलीत आपला ‘ड’ ‘र’ होतो आणि ‘ळ’ ‘ल’ होतो. मी ते तसेच लिहितो, कारण ते सुधारून लिहिले की ती बाई दिसत नाही.

"मोजले नाहीत," मी म्हणालो.

"जालायच्या आदी मोजावं रं. सात होते."

मग तिने सांगितले. सोनीचे पहिले मूल आदल्या वर्षी बाराव्या दिवशी, बारशाच्या सकाळीच गेले. पुन्हा दिवस राहिल्याचे कळले तेव्हापासून पारूआय बाळाच्या गोधडीसाठी कापड जमवीत होती. ज्या घरची सगळी मुले जगली अशी सात घरे शोधायची, प्रत्येक घरून एकेक जुना तुकडा मागून आणायचा, आणि त्या सातांची गोधडी बाळाच्या अंगाखाली घालायची, ही त्यांच्याकडची रीत. चार-पाच महिने लागले होते तिला. कोण देते, कोण नाही. कुठे आज सुतक, कुठे उद्या भांडण.

"काल रातच्याला मी पोरीला काय बोलले न्हाय. बोचका गेला, तिनंच सांगितलं. तवापासून पानी बी पेत न्हाय. म्हनते, ह्या बी पोराचं तसंच व्हनार."

माझ्याकडे जे मुद्दे होते त्यांतला एकही इथे लागू पडेना. मी घाईघाईने म्हणालो, "मी भरून देतो! नवे देतो. शुद्ध, स्वदेशी, हातचे!"

ती उठली. "दे," म्हणाली आणि गेली.

आता माझी अक्कल पाहा. वडिलांनी मॅट्रिक झाल्यावर दिलेले घड्याळ मी विकले आणि अलिबागच्या बाजारात मगनशेठच्या दुकानी गेलो. कोणत्याही पत्रकाच्या हिशोबात भरपाई म्हणजे जास्त. सात वीतभर तुकडे जळाले, तर मी खादीचे तीन तागे मागितले. शेठने चष्म्यावरून पाहिले.

"छोकरां केटलां?"

"एक. अजून व्हायचे आहे."

"एक छोकरूं, ने त्रण ताका?" त्याने नोकराला हाक मारली. "अल्या, आपणा भाई तो आखा गामने ओढाडशे!" म्हणजे मी सबंध गावाला पांघरूण घालायला निघालो होतो.

तीन तागे डोक्यावर घेऊन मी चालत गेलो. पारूआयच्या ओटीवर ते टाकले तेव्हा मला वाटले, आता ती प्रसन्न होईल. सोनी आतल्या दाराशी बसली होती. तिने कापडाकडे पाहिले नाही. पारूआयने तागा उलगडला, टोक दाताखाली धरले, थुंकली.

"खल हाय. सुई मोरंल."

"धुऊन घेऊ."

"घे की. धू."

मी विहिरीवर नेऊन धुतले. वाळूवर पसरले, वाळले, मग तिने माझ्याच हाताने मोजायला लावले. कोपरापासून बोटापर्यंत तो एक हात. सकाळी नऊ हात मोजून खूण केलेली पट्टी आता आठ भरली. जो माणूस खादीवर गावोगाव बोलत फिरतो त्याला खादी पाण्यात आटते हे ठाऊक नव्हते. मी नेसत होतो ती धुतलेलीच मिळत होती, धुणारे दुसरे कोणी होते.

"आनि धुतलीस तरी ही बालाला न्हाय चालनार," ती म्हणाली. "ह्या कापरात कोन निजलाय कवा? नवा कापर टोचतो. आनि ह्याला घर न्हाय."

मी म्हणालो, ही अंधश्रद्धा आहे. खरेच म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले. "आसंल. तुला पोर झाली म्हंजे सांग मना."

मग तिने सरळ कामच सांगितले. "तूच नेलंस न तूच आन. सात घरं. मी सांगते ती." मी मान हलवली. "कितीकिती आणू?"

"वीतभर."

"वीतभरच? हातभर मागतो, कमी नको पडायला."

"हातभर मागशील तर बाय फाटकातलं देल. वीतभर मागशील तर चांगल्यातलं कापून देल."

हे मी त्या वेळी ऐकले आणि सोडून दिले. पुढे सात वर्षे मी जे काही शिकलो ते या दोन वाक्यांच्या आसपासच.

ज्या दारांवर मी जाळायला कापड मागितले होते, त्याच दारांवर आता न जाळायला मागायचे होते. पहिल्याच अंगणात एक म्हातारी ओरडली, "आला गो बाय, पेटवनारा आला! लुगरी आत घ्या!" दुसरी पदर सावरीत म्हणाली, "नेसलेलं तेवढंच राह्यलंय रं. सोरू का?" आणि सगळ्या हसल्या. माझे कान तापले. मी भाषण केले नाही. म्हणालो, "सोनीच्या बाळासाठी वीतभर पाहिजे." हसणे बंद झाले. ती पदर सावरणारी आत गेली आणि तिने आपल्या ठेवणीतल्या लुगड्याचा पदर माझ्यासमोर कापला. वीतभरच. ठेवणीतल्या. पारूआयचे म्हणणे खरे ठरले म्हणून मला त्या क्षणी थोडा रागही आला.

पहिल्या पाच घरांतले एक मुसलमानांचे होते, फातमाबींचे. त्यांनी ओढणीचा कोपरा दिला आणि विचारले, "पारूला चालेल ना आमचं?" मी परत येऊन पारूआयला विचारले. "तिची आठ पोरं. आठीच्या आठी जित्ती. मना इचारतोस काय?"

सहावे घर पुजाऱ्याचे. ते देईनात. धार्मिक अडचण त्यांनी सांगितली ती इथे लिहीत नाही, वाचून संताप येईल. तीन दिवस त्यांच्या ओसरीवर बसलो. चळवळीत शिकलेली एक गोष्ट तरी उपयोगी पडली, बसून राहणे. चौथ्या दिवशी त्यांच्या सासूबाईंनी मागच्या दाराने तुकडा आणून दिला आणि पुढच्या दाराने मला रागे भरल्या.

"सातवं?" मी विचारले.

"सातवं तुजं. तुज्या आयला किती झाली?"

"पाच."

"जगली किती?"

"पाच."

"मंग?"

आता हे सांगावेच लागेल. घर सोडताना मी आईच्या पेटीतली लुगडी अंगणात काढून जाळली होती. वडील नसताना. तिच्या लग्नातला शालू त्यात होता. तो विलायती रेशमाचा आहे असे मी ठरवले होते. नव्हता, असे नंतर कळले. त्यानंतर दोन वर्षे मी तिला एक कार्ड टाकले नव्हते.

बोटीने श्रीवर्धनला गेलो. आई मागल्या अंगणात सुपारी वाळत घालीत होती. मला पाहून उठली नाही.

"जेवून आलायस की जेवायचायस?"

"जेवायचाय."

वाढले. मी जेवलो. ती समोर बसून होती. ताट उचलताना म्हणाली, "आता काय न्यायला आलास? घरात जाळण्यासारखं काही राहिलेलं नाही."

मी सगळे सांगितले. बोचके, सोनी, बाराव्या दिवशी गेलेले मूल. "माझं लहानपणचं काही असेल तर वीतभर हवंय," म्हणालो.

ती कोठीत गेली. सुपारीच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातून एक पुडके काढले. आत एक झबले होते. पिवळे पडलेले, त्यावर निळी फुले.

"तुझ्या हाती लागू नये म्हणून पोत्यात ठेवलं होतं. विलायती आहे हो. आत्याने मुंबईहून आणलं होतं. बघ, चालतंय का तुला."

"चालतंय," मी म्हणालो.

तिने कातर आणली. झबल्याच्या पाठीचा वीतभर तुकडा कापला, उरलेले घडी करून पुन्हा पुडक्यात बांधले. "हे माझं," म्हणाली. मग परत कोठीत जाऊन पोते बांधले, आणि बाहेर येऊन विचारले, "ती मुलगी पाणी पिते का आता?"

मी म्हणालो, माहीत नाही. "मग बसलायस काय? संध्याकाळची बोट आहे."

परत आलो तेव्हा सोनीला आठवा सरत आला होता. पारूआयने साती तुकडे ओटीवर मांडले आणि सोनीला बाहेर बोलावले. सोनीने एकेक तुकडा उचलून विचारले, हा कोणाचा, हा कोणाचा. निळी फुले हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. "ह्यो?"

"माझ्या घरचा. माझा."

"तुमी ह्यात निजलाय?"

"हो."

ती हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिले. पारूआयने तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला होता, तो तिने उचलून प्यायला. मग आपणहून सुईत दोरा ओवला.

पारूआयने मला बाजूला घेऊन विचारले, "इलायती हाय न? आत घालू का वर? तुजी मानसं यतात, बघतील." माझ्या मनात आले होते, आत घाला. ते मी नाकारीत नाही. पण तोंडातून आले, "वर लावा. मधोमध."

आता धंद्याचे सांगतो, म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाला धरून होईल. त्या आठ दिवसांत त्या दोघी शिवीत असताना मी दोरे कापत बसलो आणि शिकलो. गोधडीला पोट असते, पाठ असते आणि तोंड असते. पोट म्हणजे आतले थर. ते कधी विकत घ्यायचे नाही. एक जुने नऊवारी चार घड्या केले की मोठ्या माणसाच्या गोधडीचे पोट होते आणि वर काठाला दोन हात उरते. जुने नसेल तर थांबायचे. पाठ म्हणजे खालचे अस्तर. ते मात्र विकत घ्यावे आणि एकदम घ्यावे, एकाच ताग्यातले, कारण महिन्याने परत गेलात तर मगनशेठकडे तो रंग नसतो आणि असला तरी तोच नसतो. आटण्यासाठी दर आठ हातांना एक हात जास्त धरावा, आणि कापण्याआधी धुवावे. तोंडाचे तुकडे जमतील तसे जमवावेत. एखादा रंग अडलाच तर पाव वार घ्यावा. पाव वार मागायला लाजू नये. मगनशेठ चिडवतो, पण देतो.

आणि एकूण साठा किती? पारूआयचा नियम असा की पेटीचे झाकण बसेल इतकाच. दाबून बसवायचे नाही, आपोआप बसले पाहिजे. समुद्रावरच्या हवेत कोंबलेले कापड पावसाळ्यात बुरसते. मुंबईच्या बायांना हे पटत नाही. स्वस्त मिळाले म्हणून दहा-दहा वार घेतात, आश्विनात पेटी उघडतात आणि काळे ठिपके घेऊन आमच्याकडे रडत येतात. मी त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही गोधडीसाठी कापड घेतले नाही, घेण्यासाठी घेतले. काही जणी पुन्हा येत नाहीत. ज्या येतात त्या चांगल्या शिवतात.

सोनीला मुलगी झाली. बारावा दिवस आला तेव्हा गावातली कोणीही बाई कामावर गेली नाही, हे मी पाहिले आहे. फातमाबीसुद्धा ओटीवर बसून होत्या. दुपार झाली, संध्याकाळ झाली, दिवे लागले, मुलगी भूक लागली म्हणून रडली, आणि पारूआय मागल्या दारी जाऊन तोंडावर पदर घेऊन बसली. गोधडीने मूल जगते असे मी म्हणणार नाही. अजूनही म्हणत नाही. पण ती गोधडी हाती आल्यापासून सोनी जेवू लागली, निजू लागली, आणि ज्या आईला झोप आहे तिचे मूल जगायची शक्यता जास्त, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. ते मी हिरावून घेतले होते. परत देण्याची वाट मला त्या बाईने दाखवली, माझा पाणउतारा न करता. तिला सहज करता आला असता. गाव तिच्या बाजूने होते.

ते तीन तागे ओटीवरच पडून होते. पारूआय म्हणाली, आता आनलेच हायस तर पाठीला वापरू. तिने शेजारणींना बोलावले. त्या ताग्यांच्या पाठी लावून पहिल्या गोधड्या झाल्या, किहीमच्या बंगल्यांत गेल्या, आणि पुढे अलिबागला खोली झाली. आमच्या संस्थेच्या आरंभाविषयी कोणी काही थोर सांगितले तर विश्वास ठेवू नका. एका मूर्खाने जास्त कापड घेतले होते, म्हणून ती झाली. शेवटची काही वार खादी उरली ती सोनीने लेकीच्या झबल्या-परकरांना वापरली.

ती मुलगी आता सात वर्षांची आहे, शाळेत जाते, मला ‘भाषनवाला मामा’ म्हणते. तिच्या गोधडीचा काठ आम्ही दोनदा बदलला. निळी फुले तशीच आहेत. त्या विलायती चिटाचा रंग अजून उतरलेला नाही, आणि स्वदेशीचा प्रचारक म्हणून मला याचे वाईट वाटते, पण आहे ते आहे. आईला मी दर पंधरवड्याला कार्ड टाकतो. मागल्या वर्षी ती येऊन गोधडी पाहून गेली. तुकड्यावरून हात फिरवला आणि पारूआयला म्हणाली, "टाके बारीक घातलेत हो." दोघी मग माझ्याविषयी बराच वेळ बोलल्या. मला बाहेर बसवले होते.

गेल्या महिन्यात मिठागरापलीकडच्या गावची एक बाई सोनीच्या दारात आली. मी तिथे होतो. तिची दोन गेली होती, तिसऱ्याचे दिवस होते. तिने सगळे सांगितले नाही. पदर पुढे पसरून म्हणाली, "येक गेल्यामागून तुजी जगली, म्हनून तुजं घर सांगितलं मना."

पहिले मूल गेलेले आपले घर कोणाच्या साताच्या मोजणीत येईल असे सोनीला वाटले नसावे. मग ती आत गेली आणि लेकीचा लहानपणचा परकर घेऊन आली. खादीचा, धुऊन धुऊन मलमलीसारखा मऊ झालेला. मी पाहताक्षणी ओळखला. माझ्या तीन ताग्यांतला.

ती बाई माझ्याकडे वळली. मी खोलीचा माणूस, मला कळत असणार असे तिला वाटले.

"किती घेऊ, दादा?"

लेकीकडे आलेली पारूआय कोपऱ्यात सुई ओवीत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

"वीतभर," मी म्हणालो, आणि कातर सोनीच्या हातात दिली.